कागदावरची माझी सवत

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

गुडघा साथ देईल तेवढं वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि हे पत्र तुम्ही स्वतःच वाचत असाल, अशी आशा आहे. (शेजारीण वाचून दाखवत असेल तर तिला इथेच थांबवा, पुढचा मजकूर घरातला आहे.) आम्ही तसे बरे आहोत. लेक कामावर जाते-येते, तुमचे बंधू लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करतात, मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. ‘तसे’ म्हणायचं कारण एवढंच की, गेल्या शनिवारी मला कळलं, मी तुमच्या भावाची दुसरी बायको आहे. हो, मीही अशीच मटकन बसले. मागे खुर्ची होती हे नशीब.

तर झालं असं. माझा इथे राहण्याचा परवाना मार्चमध्ये संपतो. तोवर नागरिकत्व मिळालं नाही तर मी एकटी तिकडे आणि हे दोघं इथे. यांना नागरिक होऊन आठ वर्षं झाली, पाठोपाठ लेकही झाली, घरात परकी म्हणाल तर मी एकटी. (कुठला नळ गळतो आणि कुणाचा मोजा कुठे आहे, हे मात्र त्या परकीलाच विचारतात.) वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी फुकट कायद्याची मदत मिळते, असं धुलाईघरातल्या मुकादमबाईंनी सांगितलं, म्हणून गेलो. आमचा नंबर एक्केचाळिसावा. तुमच्या बंधूंनी फायलीला रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि दोन तास ते शेजारच्या माणसाला त्या उघडून दाखवत होते. वकीलबाई म्हणजे आपल्या लेकीच्याच वयाची पोर. चष्मा डोक्यावर, स्वभाव गोड. हसत हसत कागद चाळत होती, आणि एकदम तिचं हसू मावळलं. तिने आमच्या लग्नाचा दाखला आणि माझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि यांच्याकडे अशी बघायला लागली की मीच घाबरून यांचा हात सोडला.

दाखल्यावर नवरा तोच, बायको वेगळी! म्हणजे तीही मीच, पण माहेरच्या नावाची. तुम्हाला आठवत असेल, नोंदणी सकाळी झाली आणि माझं नाव तुम्ही बदललंत संध्याकाळी. पुढचे सगळे कागद तुम्ही ठेवलेल्या नावाने निघाले. तेव्हा सरकारी हिशेबाने एका बाईशी यांनी लग्न केलं, तिचा घटस्फोट नाही, मृत्यूचा दाखला नाही, ती नुसतीच गायब. आणि दुसरीच कोणी बाई, लग्नाचा कसलाही पुरावा नसताना, बायको म्हणून यांच्याबरोबर विमानात बसली. अर्जात तर सरळ प्रश्नच आहे, एकाच वेळी दोन लग्नं केली आहेत का म्हणून. उत्तर ‘हो’ ठरलं तर माझा अर्ज जाईलच, वर यांचंही नागरिकत्व तपासायला काढतील. वकीलबाईंनी यांना हळूच विचारलं, आधी कोणी होती का? तुमचे बंधू खरं बोलण्याबद्दल प्रसिद्धच. ते म्हणाले, “होती. पण ती फारशी बोलायची नाही.” पोरीने ते वाक्य लिहून घेतलं, वन्सं! तारीख घालून!

मग मीच सगळं समजावून सांगितलं. आडनाव नाही हो, अख्खं नाव बदललं. कुणी? नणंदेने. कुठल्या कायद्याखाली? (मी पुष्कळ आठवून पाहिलं. तुमच्या शब्दापुढे आपल्या घरात कायदा चालत नसे, पण कलम काही सांगता येईना.) नोंद कुठे केली? म्हटलं, नोंद कसली, वन्संनी सर्वांसमोर मोठ्याने सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने विचारलं, टाळ्यांची पावती आहे का? तुमच्या वर्गात कायम पहिली येणाऱ्या मुलीचं ते नाव, हे मी सांगितलं नाही. ते मला ठेवून तुम्ही मग आम्ही इकडे येईपर्यंत रोज त्या नावाला चहा टाकायला सांगितलंत, हे कुठल्या रकान्यात बसलं असतं? शेवटी पोरीने पेन खाली ठेवलं आणि अगदी मायेने विचारलं, या दोघींपैकी तुम्ही नक्की कोण? आणि वन्सं, मला रडूच फुटलं. दाखल्यावरची ती एकोणीस वर्षांची मुलगी मला इतकी आठवली की सांगता येत नाही. इतक्या वर्षांत कुणी तिची चौकशीच केली नव्हती. तुमचे बंधू घाबरून रंगीत चिठ्ठीनेच माझे डोळे पुसायला लागले.

असो. वकीलबाई हुशार आहेत, काहीतरी मार्ग निघेल. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, डोळ्यांत औषध वेळेवर घाला.

तुमची भावजय
(दोघीही)

ता. क. मार्ग निघाला आहे, तो तुम्ही आहात. नाव ठेवणाऱ्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र लागतं. तिकडच्या नोटरीकडे जाऊन लिहून द्या की या दोघी एकच, आणि मी, हिची मोठी नणंद, हिचं नाव हिला न विचारता बदललं. ‘न विचारता’ हे शब्द वकीलबाईंना हवेत. (मला नकोत असं नाही.) नागरिकत्वाची मुलाखत पाच आठवड्यांवर आली आहे, तेव्हा उद्याच जा.

ता. क. दुसरा. अर्जाच्या शेवटी एक चौकोन असतो, नागरिक होताना नाव बदलायचं आहे का असा. तुमच्या बंधूंना न विचारता मी त्यात खूण केली आणि पुढे माझं माहेरचं नाव लिहिलं. शपथेच्या दिवशी सगळ्यांसमोर नाव पुकारतात म्हणे. तुम्ही ठेवलेल्या नावाने हाक आली की मी अजूनही क्षणभर मागे वळून बघते, कुणाला बोलावतायत म्हणून. त्या दिवशी मला पहिल्या हाकेला उठायचं आहे. तुम्हाला राग येणारच. तो अवश्य कळवा, फक्त वेगळ्या पाकिटातून. प्रतिज्ञापत्राचं पाकीट वकीलबाई उघडतात.