पळून की पळवून

छत्रपती संभाजीनगर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. वैजनाथ यास भानुताईचे अनेक आशीर्वाद.

फोन ठेवला आणि पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायची तुला लाज वाटते. मी मनूचं नाटक म्हणाले, तर तू ताटात काय आहे ते विचारलंस.

आमच्या घराचं ग्रीस झालंय. तुझ्या भाचीनं, मनस्विनीनं, नाट्यस्पर्धेसाठी ट्रॉयच्या हेलनवर नाटक लिहिलंय आणि हेलनही तीच होणार आहे. अझहर तिचा नवरा, म्हणजे राजा. अमेय तिला घेऊन जाणारा राजपुत्र. हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या ढाली, गॅलरीत लाकडी घोड्याचं मुंडकं, आणि त्याचं पोट फुगवायला पाहुण्यांच्या गाद्या गेल्या. कपडे करणाऱ्या तहरीमनं माझी हिमरू शाल राजाला देऊन टाकली. बोलून उपयोग नसतो.

मनू रोज जेवताना त्याच विषयावरचे सिनेमे लावते. सगळ्यांत तेच: हेलन तटावर उभी, वारा सुटलेला, केस भुरभुरतायत, आणि खाली पुरुष तिच्या नावानं एकमेकांना कापतायत. तिला बोलायला दोन वाक्यं. मनू म्हणते, पुस्तकांतही तोच प्रकार. एवढे राजे तिच्या नवऱ्याला साथ द्यायचा शब्द दिलाय म्हणून जहाजं घेऊन निघाले, पण बाई, तुला कुठं राहायचंय, हे तिला एकानंही विचारलं नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा आत घेतला त्याचं मात्र मला हसू येत नाही. वेढा पडला तेव्हा दौलताबादला धान्य समजून मिठाची पोती गडावर चढवली ते आपलेच ना?

आणि संध्याकाळी रोजचं भांडण: हेलन पळून गेली की पळवून नेली? एका 'व'साठी ही पोरं माझा चहा ढोसत घसा फोडतात. इथं जागा संपली, पुढचं दुसऱ्या कागदावर.

तर आता ठरलं. मनू पळून जाणार. पळवून नेली म्हटलं की निदान चार लोक कीव तरी करतात, असं मी परोपरीनं समजावलं, पण ऐकेल तर शपथ. स्वतःच्या पायांनी जाईन म्हणते. अझहरला सोडून अमेयबरोबर. अमेय दिसायला बरा आहे, पण चार पायऱ्या चढला की त्याला दम लागतो. बावीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी सहाला, रंगमंदिरात. तुम्ही नवराबायको या आणि डोळ्यांनी बघा, म्हणजे मी काय सोसते ते कळेल. वाळूजला विश्वजीतच्या घरी इतक्यात काही बोलू नकोस. तू मनूच्या लग्नाचा शब्द देऊन बसलायस आणि त्या लोकांना असलं काही खपायचं नाही.

लोभ आहे, सध्या जरा तापलाय, निवला की पूर्ववत होईल.

तुझी,
भानुताई


सोयगाव,
१७ नोव्हेंबर

ती. ताईस वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिलं पान ग्रीसचं दिसलं म्हणून बाजूला ठेवलं. बियाण्याच्या धंद्यात मुद्दा पत्राच्या शेवटीच असतो, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. दुसरं पान वाचलं आणि गिऱ्हाईक तसंच सोडून घरी धावलो.

ताई, पोरगी पळून जाणार आणि तू त्या पोराला दम लागतो म्हणून लिहितेस? हा अझहर कोण? त्याला सोडायला ती त्याच्याकडं होती कधी? तारीख, वेळ, जागा सगळं तुला माहीत, आणि वर आम्हाला बघायला बोलावतेस! मुंज आहे का ती?

तुझ्या भावजयीनं, सत्यभामेनं, रडून डोळे सुजवून घेतलेत. माझा दोस्त कडुबा म्हणाला, लई झालं, आता निघायचं. एक जीप त्याची, दुसरी शेजारच्या इलियासभाईची. त्याला मी म्हटलं की हा आमच्या घरचा मामला आहे, तर तो माझ्यावरच तापला, की मनू माझी भाची नाय का? शनिवारी आम्ही सगळे रंगमंदिरावर येतोय.

विश्वजीतच्या वडिलांना मी खरं ते सांगून टाकलं. तू नको म्हणालीस, पण शब्द माझा होता. त्यांनी लग्न मोडलं समजा म्हणून कळवलंय. फोन करू नकोस. मला ऐकू येणार नाही, पण तुझं ओरडणं गिऱ्हाइकांना ऐकू जाईल.

चूकभूल पोटात घालून माया राहू द्यावी.

तुझा,
वैजनाथ


छत्रपती संभाजीनगर,
२५ नोव्हेंबर

चि. वैजनाथ यास आशीर्वाद, आज केवळ रीत म्हणून.

तुझं पत्र काल पोचलं. म्हणजे तू येऊन, शोभा करून, परत गेल्यावर.

अरे, अमेयनं हेलनचा हात धरला आणि तू पहिल्या रांगेतून उठून त्याला दम भरलास, की सोड त्या पोरीला! तुझ्यामागं इलियासभाई, त्यांच्यामागं कडुबा. राजा झालेला अझहर माझी शाल सावरत पुढं आला, तर इलियासभाईंनी त्यालाही दटावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आणि मनू? जरासुद्धा डगमगली नाही. रंगमंचाच्या कडेला आली, तुझ्याकडं बघितलं आणि राणीच्या थाटात म्हणाली की इतक्या लांबून मला न्यायला आलात, पण मला विचारलंत का? लोकांना वाटलं नाटकातलंच आहे, टाळ्या थांबेनात. प्रेक्षकांतून सैन्य आणण्याची कल्पना परीक्षकांना फार आवडली म्हणे. कपाळ माझं!

असो. विश्वजीतच्या घरी मी स्वतः जाऊन तुझा घोळ निस्तरलाय. आधी रागावले, मग हसले. लग्नाला परत तयार आहेत, फक्त नाटक बंद करा म्हणतात. तेवढं चालायचंच. आता तरी नीट पंचांग बघ आणि तारीख पक्की कर. मनू दोन दिवस दार लावून बसलीय, दमली असेल.

राग ओसरला की लोभ कळवीन.

भानुताई


सोयगाव,
१ डिसेंबर

चि. मनस्विनीस वैजूमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आजवर तुझ्याबद्दल पुष्कळ पत्रं लिहिली, तुला एकही लिहिलं नाही. हे पहिलंच.

लग्नाची तारीख काढायला पंचांग उघडलं, तर त्यात ताईच्या पत्राचं ते पहिलं पान सापडलं. आज वाचलं. एवढे राजे निघाले, पण तिला एकानंही विचारलं नाही, असं तुझ्या आईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. वाईट वाटलं असंही लिहिलंय. आणि त्याच हातानं मला तारीख पक्की करायला सांगितलंय! तिच्यावर चिडायला बसलो, पण चिडणारा मी कोण? दोन जीपा भरून आलो, तू भर रंगमंचावरून विचारलंस, आणि मी परत येताना रस्ताभर तुझ्या कामाचं कौतुक करत आलो. ते तू मलाच विचारत होतीस, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. नुसते कानच गेलेत असं नाही, पोरी.

तर आता विचारतो. तुला विश्वजीतशी लग्न करायचंय का? शब्द मी दिला होता, तो परत घ्यायची लाज माझी मी बघून घेईन. सोबत माझा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड ठेवलंय, त्यावर लिही. पहिल्या ओळीपासून वाचीन.

रागावली असलीस तरी आम्हाला टाकू नकोस.

तुझा,
मामा


छत्रपती संभाजीनगर,
६ डिसेंबर

ती. मामांस मनस्विनीचा सा. न. वि. वि.

नाही करायचं. विश्वजीत वाईट नाही, पण मला नको, आणि नाटक तर सोडणारच नाही. आईला मी स्वतः सांगितलं. ती कालपासून चिडून भांडी आपटतेय, पण हिमरू शाल तिनं आपल्या हातानं घडी करून नाटकाच्या पेटीत ठेवली.

नाटक पुढच्या फेरीत गेलंय, तेव्हा मामी, इलियासमामू, कडुबाकाका, सगळ्यांना दोन्ही जीपा भरून आणा. लोभ भरपूर आहे, फक्त कानाचं मशीन लावून या. मला दर वेळी रंगमंचावरून ओरडायला लावू नका.

तुमची,
मनू