बुधरीच्या गाण्याची तबकडी

गोंडपिपरी,
ता. ९ डिसेंबर १९५७

चि. मुखरूस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तबकडी धड पोचली. बाजाराच्या दिवशी कमरुद्दीनभाईंच्या कापडदुकानात ग्रामोफोनवर लावली. सकाळी सिनेमाच्या स्टुडिओत, रविवारी चर्चात, संध्याकाळी हॉटेलच्या जाझ बँडात, असा चौफेर पियानो वाजवणारा माझ्याच पेटीवर शिकला, हे मी चारचौघांना ऐकवलं. मी स्वतः कोणाकडे शिकलो नाही, हेही सांगितलं. दुसऱ्या ओळीत तुझा गंधार चढा लागतो. तो दोष पियानोचा, म्हणून माफ.

पण तीन दिवस झाले, मी पेटी उघडलेली नाही. दुकानासमोर आवळे विकायला सोमारी बसली होती. झिंगूची बायको, जिचं गोंडी गाणं उतरवून मी तुला पाठवलं आणि तू पियानोवर वाजवलंस, तीच. तबकडी थांबताच ती आत आली, कर्ण्यात डोकावली आणि विचारू लागली की, माह्या पोरीले नदीतच सोडलं काऊन? मला काही उमगेना. मग तिच्यामागून आलेल्या झिंगूनं सांगितलं. मागल्या पौषात मी त्यांच्याकडे गेलो, त्याच्या महिनाभर आधी त्यांची पोरगी बुधरी वैनगंगेत बुडाली होती. गाणं सोमारीनं तिच्यावर रचलेलं. चार ओळी पोरगी पाण्यात. पाचवीत आई तिला काठावर आणते. मला गोंडी येत नाही. मी समजलो, भाताच्या रोवणीचं गाणं. स्वर पक्के व्हावेत म्हणून तिच्याकडून सात वेळा म्हणवून घेतलं रे! तिला वाटलं, पेटीवाला भाऊ दुखवट्याला आला.

आणि पाचवी ओळ तू कापलीस. कोणाला विचारून? आधी तबकडीच्या कंपनीत जाऊन ती ओळ परत घालून घे, मग जेव.

तुझा,
गुणवंतराव

मुंबई,
ता. १५ डिसेंबर १९५७

ती. भाऊस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जिन्यातच बसलो. त्या तालावर हॉटेलात रोज जोड्या नाचून राह्यल्या, भाऊ. परवा तर टाळ्या देऊन दोनदा वाजवायला लावलं.

रागावू नका, पण तुमचं १२ जानेवारीचं पत्र समोर ठेवून लिहितो. मात्रा, लय, श्वास कुठं घ्यायचा, सगळं तांबड्या शाईत. खाली तुमच्याच अक्षरात आहे की, पाचवी ओळ लयीत बसत नाही, बाई थकली असावी, ती सोडून द्यावी. म्हणून सोडली. तुमच्या लिहिण्यात चूक असेल, असं लहानपणापासून मले वाटलंच नाई.

कंपनीत गेलो होतो. साहेब म्हणाले, हजार तबकड्या निघाल्या, कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत गेल्या, परत कशा आणू? नव्यानं वाजवून घ्यायला तयार नाहीत. आता तुम्ही त्या बाईला काय सांगाल?

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, कान धरण्याचा हक्कही तुमचाच.

आपला,
मुखरू

गोंडपिपरी,
ता. २२ डिसेंबर १९५७

चि. मुखरूस आशीर्वाद.

माझ्याकडे त्या पत्राची नक्कल आहे. काढून पाहिली. तू लिहितोस तसंच आहे. बाई थकली नव्हती, रडत होती. मी मात्रा मोजून राह्यलो होतो.

आज सोमारी पुन्हा आली. मी सगळ्यांदेखत कबूल केलं की, ओळ मुखरूनं नाही, मी कापली. ती वळून कमरुद्दीनभाईंना म्हणाली, लावा. तबकडी संपून सुई खरखरू लागली, तशी तिनं उभ्यानंच पाचवी ओळ म्हटली. कमरुद्दीनभाई हातात कापड मोजायचा गज धरून तसेच उभे. मग तिनं मला विचारलं की, अशा किती हायेत? खोटं बोलवेना. हजार, म्हणालो. ती म्हणाली, बाकीच्या जागी माह्या पोरीले काठावर कोन आणते?

ती अजून दुकानाच्या पायरीवर बसून आहे आणि मी आत हे लिहितो आहे. हॉटेलात ते गाणं निघेल, तेव्हा तिथं तरी पोरीला तू काठावर आण. पाचवी ओळ सोबत पाठवतो, जशी तिनं म्हटली तशी. लयीत बसवू नको.

तुझा भाऊ,
गुणवंत