तळं मोकळं झाल्याची तारीख

१४ एप्रिल २०१४, सोमवार

आर्मां गान्येची जीभ झडत कशी नाही? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस. काठी टेकत नगर कचेरीत गेला आणि तिथल्या लॉरेनला म्हणाला, "त्या दगडावर ते वाक्य कोरू नका. खोटं आहे ते."

वाक्य माझं आहे. दोन आठवडे घासूनपुसून लिहिलं – 'ओव्हीद पेल्तिए, १९१२–२०१४. बासष्ट वर्षं तळ्याची नोंद ठेवली. एकही नोंद खोटी नाही.' आजोबांच्या दफनाच्या दिवशी धक्क्यावर दगड बसायचा आहे. ते फेब्रुवारीत गेले. इथे हिवाळ्यात जमिनीत कुदळ शिरत नाही, म्हणून तेव्हापासून दफनभूमीच्या दगडी खोलीत मे महिन्याची वाट पाहत आहेत. त्यांना उठून उत्तर देता येत नाही. मला येतं.

१५ एप्रिल

लॉरेनकडे जाऊन आले. आर्मांने लाकूड गिरणीची जुनी वही आणून दिली आहे. तिच्यात १९६३ साली ८ मेपर्यंत बेटामागे बर्फ. आजोबांच्या वहीत तळं मोकळं झालं ४ मेला, सकाळी सात वीस.

"चार दिवसांचा फरक आहे, मार्सेलीन," लॉरेन म्हणाली.

"गिरणीचा कारकून दुपारी बाराला झिंगलेला असायचा," मी म्हटलं. "त्याला बेट दिसत होतं हेच खूप."

या गावात दर वसंतात बर्फ वितळून तळं कधी मोकळं होईल, याचा अंदाज जो तो चिठ्ठीवर लिहून आजोबांच्या सलूनमधल्या बरणीत टाकायचा. बरोबर आलं तर एक हॅम आणि फळ्यावर नाव. निकाल आजोबांचा. बोट घेऊन बेटाला वळसा घालायचा, पलीकडच्या कॉन्व्हेंटपर्यंत जायचं, बोट कुठेही बर्फाला लागता कामा नये. पोचलं की तिथल्या धक्क्यावरची घंटा वाजवायची. बेटामागचं गावातून दिसत नाही. सगळा कारभार त्यांच्या शब्दावर.

आणि त्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नाही. एका वर्षी त्यांच्या सख्ख्या भावाचा अंदाज वीस मिनिटांनी चुकला. त्याने वर्षभर दुसऱ्या गावात जाऊन केस कापले. आजोबा म्हणाले, "वाईट कापतो तो माणूस. पण वेळ तीच राहील."

१७ एप्रिल

दिवसभर पाऊस-बर्फ. बाहेर पडले नाही.

सलूनमध्ये एकच खुर्ची होती. दुसरी का घेत नाही विचारलं तर म्हणायचे, "मला हात दोनच आहेत." चार पिढ्यांची डोकी त्या खुर्चीत बसली. गावात कुणी गेलं की पेटी बंद करण्याआधी जाऊन केस नीट करायचे – विंचरताना त्या माणसाशी हळू आवाजात बोलायचे. काय बोलायचे कुणाला ठाऊक. चाळिशीत दात गेले. शंभराव्या वर्षी वल्ही माझ्या हातात दिली नाहीत, म्हणाले, "तू सिस्टरांसारखी वल्हवतेस. पाण्याला शिक्षा केल्यासारखी."

त्यांचे केस मी विंचरले, फेब्रुवारीत. काय बोलावं सुचलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

मिस्सा संपल्यावर आर्मांला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं.

"एकावन्न वर्षं एका हॅमसाठी जीव जळत होता तुमचा?"

"हॅम काय करू? दात आहेत कुठे?"

"मग मेलेल्या माणसाला खोटं कशाला पाडताय? जिवंत होता तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"हो," तो म्हणाला.

पुढे मला बरंच सुचलं आणि मी ते सगळं बोलले. सिस्टर्सनी शिकवलेलं इंग्रजी, घरची फ्रेंच, दोन्ही संपलं. त्याने टोपी घातली. "८ मे ही माझी चिठ्ठी होती. आयुष्यात एकदाच बरोबर आलो. आणि पोरी, ४ मेला तू बोटीतच होतीस. जरा आठव."

बासष्ट वर्षांच्या बाईला पोरी म्हणतो.

२१ एप्रिल

आठवायला काय झालं? मी काही विसरलेले नाही.

आई त्या जानेवारीत गेली. मी अकरा वर्षांची, पलीकडे कॉन्व्हेंटमध्ये राहायला. आईचं दफन जमीन सैलावल्यावर, ४ मेच्या सकाळी दहाला. पूर्वी एक मुलगी फुटत्या बर्फात बुडाली होती, म्हणून मदरचा नियम – घंटा होईपर्यंत एकही मुलगी बोटीत पाऊल टाकणार नाही. तळ्याभोवतीचा रस्ता चिखलात गेलेला. मी शुक्रवारी रात्रभर प्रार्थना केली. सकाळी सात वीसला घंटा झाली. मला वाटलं, देवाने ऐकलं.

आजोबांनी मला बोटीच्या तळाशी निजवलं, वरून ब्लँकेट. "वारा आहे. डोकं बाहेर काढायचं नाही."

२२ एप्रिल

त्या दिवशी वारा नव्हता. आईच्या कबरीपाशी मेणबत्त्या जळत होत्या. एकही विझली नाही.

बेटापाशी बोट खरवडली, बराच वेळ. मी ब्लँकेटमधून विचारलं, काय लागतंय? "वाळू. पडून राहा." नंतर बोट एकीकडे कलली आणि घसरत गेली, कुणी ओढल्यासारखी. बेटामागे वाळू नाही. साठ वर्षं त्या पाण्यात पोहतेय मी. तिथे तळ लागत नाही.

त्यांनी खोटं लिहिलं. सख्ख्या भावाला वीस मिनिटं दिली नाहीत त्या माणसाने.

२३ एप्रिल

लॉरेनला फोन केला. दगडावर नाव आणि सालं, बाकी काही नको. का ते तिने विचारलं नाही. शहाणी आहे.

आर्मां जिंकला. बसू दे मिशीला पीळ देत.

१० मे

तळं काल दुपारी मोकळं झालं. आजोबांच्या वहीत नोंद केली. मग मागे जाऊन १९६३ ची ओळ खोडली. ८ मे, आर्मां गान्ये. फळ्यावरही त्याचं नाव रंगवलं. अक्षर मुद्दाम बारीक काढलं.

१७ मे, शनिवार

आजोबांना आईशेजारी ठेवलं. पाद्री बोलत असताना मागे आर्मां खोकला – दोन कोरडे ठसके, मग एक लांब शीळ. हा खोकला मी ब्लँकेटखालून ऐकला आहे. इतकी वर्षं मला तो आजोबांचा वाटत होता.

सगळे गेल्यावर विचारलं, "बर्फावरून बोटीची दोरी कुणी ओढली?"

"अर्धी मी. रात्रीपासून बेटावर जाऊन बसलो होतो. जड होतीस तू."

"मग आत्ताच का बोललात?"

"वहीतलं खोटं त्याने सोसलं. दगडावरचं त्याला सोसलं नसतं."

त्याने दोरी ओढली तेव्हा ८ मेची त्याची चिठ्ठी बरणीत पडलेली होती.