मास्कचा साइज: लार्ज

३ जून, सोमवार
नोटीस लागली. रंगाच्या बूथमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची फिट टेस्ट होणार. मास्क तोंडावर घट्ट बसतो की नाही, ते बघायला बाहेरून एक बाई येणार आहेत. चौदा तारखेपर्यंत जो पास होणार नाही त्याची रवानगी पॅकिंगला, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. मी बावीस वर्षं कपाटांना स्प्रेने रंग मारतोय. माझी कसली टेस्ट घेतात?
फॉर्ममध्ये मास्कचा साइज विचारला होता. लार्ज लिहिले. माणसाने स्वतःला कमी लेखू नये.
खाली बारीक अक्षरात 'दाढी नको' असेही आहे. ते इतरांसाठी असावे.

५ जून, दुपारी १
टेस्ट दिली. मला मास्क न देताच बाईंनी डोक्यावर खांद्यापर्यंत येणारे एक पारदर्शक टोपडे चढवले आणि आत कसलासा फवारा मारला. म्हणाल्या, कडू लागलं की सांगा. कडू म्हणणारा नापास, एवढे न कळायला मी काय काल कामाला लागलो? पहिल्याच फवाऱ्याला जीभ मुळापासून कडवटली. सांगितले, काही नाही. दहा झाले, वीस झाले. डोळ्यांत पाणी आले, ते जागरणाचे म्हणून खपवले. तिसाव्याला बाईंनीच हात टेकले. रेकॉर्ड असणार.

६ जून
गैरसमज झाला आहे. मास्क नसताना कडू लागायलाच हवे होते म्हणे. आधी जीभ तपासायची, मग मास्क घालून तोच फवारा. तेव्हा कडू लागले नाही, तर मास्क घट्ट. हे आधी नीट सांगायला नको? बाई म्हणतात, सांगितले होते.
माझ्यापुढे 'चव कळत नाही' असा शेरा पडला. कंपनीच्या डॉक्टरांनी घरच्यांनी भरायचा फॉर्म दिला. बायको घाबरेल म्हणून हळूच पुढे केला. ती म्हणाली, म्हणजे एकोणीस वर्षं मीठ कमी, मीठ जास्त ऐकून घेतलं ते अशा माणसाचं होय.
संध्याकाळी भाजी साफ अळणी. तक्रार करायला तोंड नव्हते. दोनदा वाढून घेतली.

१० जून
डॉक्टरांपुढे जीभ सुधारली. फेरपरीक्षा. पहिल्या फवाऱ्यालाच कडू म्हणून ओरडलो. मग मास्क. बाई म्हणाल्या, दाढी रबराखाली येते, फटीतून हवा शिरणार. मी म्हटले, माझी दाढी इतकी दाट आहे की तिच्यातून हवासुद्धा जात नाही. त्या म्हणाल्या, बघू या.
मान डावीकडे, उजवीकडे, खाली वाकायचे, मग कागदावरचा उतारा मोठ्याने वाचायचा. उतारा बागेवर होता. गुलाबापाशी पोचेपर्यंत तोंड कडूजहर. वाचत राहिलो. बाईंनी थांबवले. म्हणाल्या, टोपडं पारदर्शक आहे, तुमचं तोंड मला दिसतंय.
तांत्रिक कारणाने नापास.

११ जून
संकल्प: दाढी ठेवूनच पास व्हायचे. दाढीला भरपूर व्हॅसलीन चोपडून मास्क लावला. घसरून गळ्यात आला.
खरे कारण फक्त इथे लिहितो. मला हनुवटी नाही. म्हणजे आहे, पण ओठ संपला की लगेच गळाच सुरू होतो. बायकोनेही पाहिलेली नाही. लग्नातसुद्धा दाढी होती.
पण बूथ गेला तर? मला दुसरे काही येत नाही. आज पॅकिंगवरून जाताना ती लेबलं पाहिली आणि भरभर पुढे निघालो.

१३ जून, सकाळी ६
काढली. आरसा जुना झाला आहे, बदलायला हवा.
बायको चहा गाळता गाळता थांबली. म्हणाली, अगंबाई, थेट सासूबाई. नंतर माझ्याशी जरा अदबीनेच वागली.

दुपारी ४
लार्ज मास्क: कडू. दाढी नसूनही कडू. बाईंनी मास्क आणि हनुवटी यांच्यामधल्या जागेत दोन बोटे सहज घालून दाखवली. मीडियम: कडू. मग त्यांनी तिसरी पेटी उघडली. उतारा शेवटपर्यंत वाचला. शेवटी सूर्यफूल आहे.
पास. बूथ वाचला. बाईंसमोरच डोळे भरून आले, आणि या वेळी फवाऱ्याने नाही. हेल्मेटवर स्टिकर लावला: 'S'.

१४ जून
सगळ्यांनी स्टिकरचे विचारले. सांगितले, S म्हणजे सिनियर. लगेच पटले. एकाने बसायला खुर्ची दिली.
डबे खाताना गोंद विभागातल्या ताई आल्या. यांना टेबलावरचे काही काढायलासुद्धा स्टूल लागते. त्यांच्याही हेल्मेटवर S. सगळ्यांदेखत म्हणाल्या, दादा, स्मॉल मास्क दोनच आलेत, एक माझा न् एक तुमचा. अदलाबदल नको, म्हणून माझ्यावर मी नेलपॉलिशने फूल काढलंय. तुमच्यावर काय काढू?
मागून कोणीतरी म्हणाले, दाढी काढा.
मी हसण्यावारी नेले. असल्या गोष्टी कोणी मनावर घेत नाही.

संध्याकाळी ५
ताईंकडून मास्क परत मिळाला. काढली आहे. लाल आहे, पण दाट आहे.