सुकटीची लेबलं

प्रिय आई,

आई म्हणणं आता कागदोपत्री बरोबर नाही, पण दुसरी हाक मला सुचत नाही. तुमचा निरोप मिळाला. प्रितेशच्या दुसऱ्या लग्नानंतर सुकटीच्या लेबलांचं काम नवी सून विनिता बघेल, तिला शिकवायचं आहे. शिकवते. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही आधी "जेवलीस का?" विचारता आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

काम अवघड नाही. बारकोड काढणारी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला कोड, तयार मिळते. तिला मालाचा नंबर द्यायचा. ती पट्ट्या आखते, पानावर लेबलं मांडते, दुकानाला द्यायचं चलनही तयार करते. हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे जालं दुसऱ्याचं, तू नुस्ती वडतेस!" ऑफिसात नवीन मुलांना मी अजून हे जाळ्याचंच सांगते, तुमच्या नावासकट.

घटस्फोटानंतर मी सुकापूरला माहेरी परतले तेव्हा नोकरी नव्हती. कुणी कशी आहेस विचारलं की मी "बरी आहे" म्हणून आत जायची. तुम्ही तसलं काही विचारलं नाहीत. उरणहून एसटीनं आलात, मांडीवर सुकटीची पिशवी. म्हणालात, करंजाड्यातल्या दुकानदाराला पाकिटांवर बारकोड हवाय, आमच्या बचत गटातल्या बायकांना कुणी करून देत नाय, तू देशील का? माझ्या आईला वाटलं होतं, तुम्ही समजूत घालायला आलात. प्रितेशचं नावही निघालं नाही.

पहिली लेबलं लावून झाली आणि पाकिटं दमट लागली म्हणून तुम्ही ती ओट्यावर उन्हात पसरलीत. तुमच्याकडे दमट ते सगळं उन्हातच जातं. आणि तो कागद तर उष्णतेनंच छापला जाणारा. दुपारपर्यंत लेबलं तव्यासारखी काळी. गटातल्या सोनाबाई म्हणाल्या, "शिकलेली हाय, पन उन्हाचं कलत नाय. काडून घ्या काम." मी लॅपटॉप पिशवीत घालत होते. तुम्ही मात्र हसत होतात. "सुकट तरी एका उन्हात सुकते का गो? पोरीला दुसरं ऊन लागू दे."

मग मी शाईच्या रिबिनीनं छापणारा प्रिंटर आणला. ती लेबलं आजवर काळी पडलेली नाहीत. तेच काम दाखवून मला द्रोणागिरीच्या गोदामात नोकरी मिळाली, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दुपारी काम काढून घेतलं असतंत, तर मी पुन्हा कुणाचंच काम घेतलं नसतं. हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

रविवारी येते. विनिता हुशार असेल तर एका दिवसात शिकेल, आणि मला भीती त्याचीच आहे. प्रितेश पोर्टवर ड्युटीला असेल ती वेळ बघून मी दर महिन्याला लेबलं छापायला येते. खरं तर फाइल पाठवली असती तरी चाललं असतं. प्रिंटर तुमच्याच घरी आहे, बटण कुणीही दाबेल. मी ते बोलले नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. आता काम विनिताचं, घरही तिचं. लेबलं नसतील तरी मी येऊ का, एवढंच विचारायला हे पत्र. अवघड वाटत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, मी समजून घेईन. हो असेल तर काहीच सांगू नका. रविवारच्या आधी एकदा फोन करा आणि जेवलीस का, ते विचारा.

तुमचीच,
रेवा