नापास झालेला रुमाल

दादा,

आईला बळेबळेच फिरायला नेतेय. तुझं जेवण झाकून ठेवलंय.

बाबा गेल्यापासून ती त्यांचे जादू शिकवणारे व्हिडिओ बघत बसते. सगळे तू पास केलेले: उजेड चोख, नाणं स्पष्ट आणि चौकटीत फक्त हात. "चेहरा बघून कोण जादू शिकतं?" असं म्हणून तू बाबांनाही गप्प केलं होतंस. आज आई मला म्हणाली, "अगं, यात हे कुठेच कसे नाहीत?" काय सांगू तिला, माझं कपाळ?

रुमालाच्या जादूत कॅमेरा वर सरकला आणि नुसता बाबांचा चेहराच आला, म्हणून तो व्हिडिओ तू नापास केलास. पुसला नसशील तर आम्ही यायच्या आत शोधून ठेव. रुमाल नाही दिसला तरी चालेल.

— चिमी