करंगळी कुणाची?

चि. धाकटीस,
थोरलीचे आशीर्वाद, आणि सोबत एक संशय.

मी ठणठणीत आहे. लेकाचं घर उबदार आहे, गुडघे कुरकुरतात तेवढेच. नात आणि शेजारची दोन पोरं माझ्याकडे पियानो शिकतात.

पण हल्ली नात वाजवताना उजवी करंगळी हवेत उचलते, कपबशी धरल्यासारखी. मी असलं काही शिकवत नाही. वाटलं, सुनेने परस्पर दुसरी बाई लावली. विचारलं तर म्हणाली, "छे हो आई!" आणि रिकाम्या पातेल्यात डाव फिरवायला लागली.

नातीला दटावलं, तर म्हणते, "आजी, अशीच छान दिसते." हे वाक्य मी कॉन्व्हेंटमध्ये ऐकलंय. नन पट्टी उगारायची आणि एक निर्लज्ज मुलगी हेच उत्तर द्यायची.

काल नातीने फोन घेऊन दार लावलं. मी दाराला कान लावला. हो, लावला! फोनमधून पियानो ऐकू आला.

मनगट मोडल्यापासून पियानोचं झाकण उघडलं नाही, असं दर पत्रात लिहितेस ना? लबाड कुठली! मी इथे तुझ्या हातासाठी देवाला साकडं घालतेय, आणि तू माझीच शिष्या पळवतेस!

उजवा हात अजून अडखळतो तुझा. दुखतो का गं? शेक घेतेस ना?

शिकव तिला. मी काही ऐकलंच नाही. मात्र तिची करंगळी मी रोज खाली बसवणार. तू ती पुन्हा उचलायला लाव. तेवढ्यासाठी तरी झाकण रोज उघडत राहशील.

तुझ्यावर पाळत ठेवून असलेली,
ताई